विमा अजून त्यांच्याच नावावर आहे, बाबा

ती. आई-बाबांना, सा. न.

गाडीचा फोटो मिळाला. बोनेटवर हार, चाकांखाली लिंबं, सगळं यथासांग. सेकंडहँड असली तरी छान ठेवलीय आधीच्या मालकांनी.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "विमा मार्चपर्यंत भरलेला आहे." भरलेला आहे, पण ज्यांनी गाडी विकली त्यांच्या नावावर. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच तुमच्याकडे येतो. म्हणजे बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात तुमच्या गाडीचा कोणाला धक्का लागला, तर त्याची भरपाई कंपनी देईल. आपल्या गाडीचं नुकसान मात्र त्यात येत नाही. पॉलिसी नावावर करायला व्यवहारापासून १४ दिवसांत अर्ज द्यायचा असतो. ती नावावर होईपर्यंत माडावरून नारळ पडून काच फुटली, तर पैसे ना त्यांना मिळणार, ना तुम्हाला. त्यांची गाडी राहिली नाही आणि तुमचा विमा झाला नाही. आणि गाडी तुम्ही नेमकी माडाखालीच लावलीय, फोटोत दिसतंय!

आरसी बदलून येण्याची वाट बघत बसू नका. मालकी बदलायला आरटीओत दिलेल्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, विक्रीचा कागद आणि जुनी पॉलिसी घेऊन कंपनीच्या ऑफिसात जा, नवा प्रपोजल फॉर्म भरा. तिथे वर थोडे पैसे मागतील, त्यावरून वाद घालू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यांचा बोनस ते घेऊन जाणार, तेवढा फरक तुम्हाला भरावा लागणार.

पण मग तुमचाही बोनस आहेच की! जुन्या वॅगनआरवर इतक्या वर्षांत एक क्लेम केला नाहीत (आई म्हणते तसं, ताशी तीसच्या वर गेलातच कुठे). तिच्या कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के सूट मिळते, अर्थात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर, थर्ड पार्टीच्या नाही.

लायसन्सची तारीखही बघा. तुमच्या वयाला ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि संपलेल्या लायसन्सवर कंपनी क्लेम नाकारते.

आई, हे तुझ्यासाठी. पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा गाडीच्या मालकाचा, तोही पॉलिसी त्याच्या नावावर असेल तरच. शेजारी बसणाऱ्या तुझ्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. हप्ता फार नसतो. बाबा "कशाला?" म्हणतील, तू ऐकू नकोस.

नवी पॉलिसी आली की पहिल्या पानाचा फोटो पाठवा, नाव आणि चॅसी नंबर आरसीशी जुळतात का ते मी बघते. तोवर मंगेशीला जायचं झालं तर कदंबाची बस आहेच. बाबांना हे पटणार नाही, ठाऊक आहे मला.

तुमची,
वैशू