भिंतीच्या आधी पाणलोटाचा नकाशा करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जूनच्या तोंडावर त्याच बातम्या येतात, गटारं साफ झाली, नदीतला गाळ काढला, पंप तयार आहेत, आणि जुलैत एक मोठा पाऊस पडला की गोव्याच्या डिचोली-सत्तरी तालुक्यांत परत तीच धावपळ. कामं होतच नाहीत असं मी म्हणत नाही, आमच्या साखळीत वाळवंटी नदीच्या काठाला पुराची भिंत झाली, पंप बसले, बाजाराला त्याचा आधार आहे. पण पूर साखळीत तयार होत नाही ना! पाणी वरून येतं, चोर्ल्याच्या डोंगरांतून, केरी-मोर्ल्याकडून. तिथली जमीन आज कशी आहे, कुठं झाडी आहे, कुठं उघडी माती आहे, हे सगळं एका नकाशावर बघून मग खाली कुठं किती खर्च करायचा ते ठरवायला पाहिजे.

२३ जुलै २०२१ कोणी विसरलेलं नाही. सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, सगळीकडे घरं पाण्यात, पैकुळचा पूल गेला, दूधसागर घाटात दरड कोसळून रेल्वे रुळावरून घसरली. १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं खुद्द मुख्यमंत्री म्हणाले होते. त्यावेळी म्हादईच्या जंगलातले डोंगरही खचले, म्हणजे नुसती झाडं मोजून भागत नाही, उतार किती, खाली माती कसली, तीही माहिती लागते.

वर झाडी असण्या-नसण्यानं फरक कसा पडतो ते आमच्याकडे कुणालाही विचारा. जंगलातून येणारा व्हाळ, म्हणजे ओढा, पावसात हळूहळू चढतो, पाणी थोडं गढूळ होतं आणि पाऊस थांबल्यावरही तो बराच वेळ भरून वाहतो. आणि जिथं डोंगर कापलाय किंवा जुन्या खाणीच्या मातीचा ढीग (डंप) आहे तिथला व्हाळ तासाभरात लालभडक होऊन अंगावर येतो, वर जेवढा पटकन चढतो तेवढाच पटकन उतरतो, आणि मागं ढीगभर गाळ टाकून जातो. पाऊस दोघांवर सारखाच. असे चार-पाच लाल व्हाळ एकाच वेळी नदीला मिळाले की खालच्या भिंतीनं काय करायचं? सड्यांचंही, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाचंही, तसंच, जांभा दगड पाणी पिऊन घेतो, झरे त्यावरच चालतात, त्याच सड्यावर काँक्रीट केलं की सगळं पाणी लगेच खाली.

हे काम आता अवघड राहिलेलं नाही. सॅटेलाइटचे फोटो आहेत, उंच-सखल भागाचा डेटा इस्रोच्या भुवनवर आहे, जीआयएसवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या प्रणालीवर, उतार, माती, जमिनीचा वापर आणि पाऊस हे थर एकावर एक ठेवले की कुठल्या छोट्या पाणलोटातून सगळ्यात जास्त पाणी सगळ्यात लवकर येतं ते दिसतं. मात्र आपल्याकडे त्यात भरती-ओहोटीचाही थर पाहिजेच. मांडवीत, म्हणजे खालच्या म्हादईत, भरतीचा परिणाम गांजे गावापर्यंत जाणवतो, म्हणजे समुद्रापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत! वरून लोंढा आला आणि खाली भरती असली तर पाणी जाणार कुठं. पूर्वी खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं, आणि पाणी आत-बाहेर सोडणारी त्यांची मानशीची दारं यातलं बरंच पाणी सांभाळायची, आता कितीतरी बांध फुटलेत, कितीतरी खाजनांत भराव पडलाय, तेही नकाशावर आलं पाहिजे.

दुसरं म्हणजे नदी तालुक्याची हद्द बघत नाही, राज्याचीही नाही. म्हादईचं खोरं सुमारे २,०३२ चौरस किलोमीटर, त्यातलं १,५८० च्या आसपास गोव्यात, बाकी कर्नाटक आणि थोडं महाराष्ट्रात. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या तिळारी धरणाचं पाणी सुटलं आणि इकडे साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेलच्या लोकांचे हाल झाले. म्हणून नकाशा पंचायतवार करून उपयोग नाही, उगमापासून मुखापर्यंत आख्ख्या नदीचा करा.

आणि केलेला नकाशा कपाटात नको. २५ टक्क्यांहून जास्त उताराची जमीन गोव्याच्या जमीन-वापराच्या प्रादेशिक आराखडा २०२१ नं संवेदनशील धरलीय, पण एक-एक सर्व्हे नंबर सुटा घेऊन झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलला की त्या प्लॉटचं पाणी खाली कुणाच्या घरात जाणार हे कुणीच विचारत नाही. झोन बदलाच्या प्रत्येक अर्जाला त्या पाणलोटाचा नकाशा जोडायची सक्ती करा, एवढी साधी मागणी आहे. ज्याची घरं खाली आहेत त्यालाही हरकत घेता आली पाहिजे.

सुरुवात वाळवंटीपासून करावी. नदी लहान आहे, वरच्या बाजूला अंजुणेचं धरण आहे, खाली साखळीचा बाजार आहे, सगळे प्रश्न एकाच ठिकाणी आहेत. विठ्ठलापूर, कारापूर, साखळीत जुन्या लोकांना पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते पाठ आहे, १९८२ चंही आणि २०२१ चंही, त्या खुणा आधी मोजून घ्या, कारण चतुर्थीला घरं रंगवताना त्या पुसल्या जातात. कच्चा नकाशा तयार झाला की तो ग्रामसभेत ठेवा. कुठला व्हाळ बुजवलाय, कुठल्या मोरीतून पाणी जात नाही, हे लोक तिथंच बोट ठेवून दाखवतील.

आपला,
एक वाचक, साखळी