तुमची ऑर्डर तयार आहे, पण कुठे?

दिनांक: १४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन किराणा व पिकअप विभाग

विषय: माल आलेला नसताना 'ऑर्डर तयार' असा मेसेज पाठवणे, न विचारता वस्तू बदलणे आणि उशिराचा आकार ग्राहकालाच लावणे.

महोदय / महोदया,

गेली दोन वर्षं दर शुक्रवारी आमचा आठवड्याचा किराणा मी तुमच्या डोंबिवली पूर्वेच्या पिकअप केंद्रावरून उचलतो. घरपोच का मागवत नाही, असं तुमच्या चॅटवरच्या यंत्राने मला विचारलं होतं, म्हणून आधी तेच सांगतो. बायको नर्स आहे, तिच्या ड्युट्या बदलत्या. मी मुलुंडला नोकरीला. दिवसभर घरी फक्त आई असते. तिचे गुडघे दुखतात, इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सामान आणणारा मुलगा खालूनच फोन करतो, "काकू, जरा खाली येता का?" त्यापेक्षा मी गाडीतून उतरावं, केंद्रावरून पिशव्या घ्याव्यात, पाळणाघरातून धाकटीला घ्यावं आणि एकाच रिक्षाने घर गाठावं, हे बरं पडतं. पाळणाघर सव्वाआठला बंद होतं. म्हणजे माझ्या हातात साडेसात ते सव्वाआठ एवढा पाऊण तास असतो. तूरडाळ कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळते हो. तुमच्याकडून मी घेतो ती या पाऊण तासाची सोय.

शुक्रवार, ४ जुलैला तीच सोय कोलमडली. रविवारी, ६ तारखेला आषाढी एकादशी होती. शनिवारी सकाळी मुलाच्या शाळेची दिंडी होती आणि प्रत्येक मुलाने राजगिऱ्याच्या लाडवांचं एक पाकीट आणायचं होतं. म्हणून गुरुवारी रात्रीच मी २३ वस्तूंची यादी भरली आणि साडेसात ते आठची वेळ निवडली. पैसेही तेव्हाच यूपीआयने भरले: २,३४६ रुपये.

६ वाजून ५२ मिनिटांनी, लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असताना, तुमचा मेसेज आला: 'तुमची ऑर्डर तयार आहे. कृपया वेळेत घेऊन जा.' ७.३५ ला मी केंद्रावर होतो. तिथे आणखी सहाजण उभे होते, सगळ्यांच्या मोबाइलवर हाच मेसेज. काउंटरमागे एकच मुलगा, आणि त्याच्या पाठीमागे रिकाम्या हिरव्या क्रेटची उतरंड. तो बिचारा सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता, "गाडी काटई नाक्याला अडकलीय."

गाडी अडकली याचा राग नाही. पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्ता काय असतो ते आम्हाला कोणी सांगायला नको. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मी त्या मुलाला विचारलं, अरे मग 'तयार' असा मेसेज का आला? तो म्हणाला, "सर, क्रेट गोदामात भरून स्कॅन झाला की मेसेज आपोआप सुटतो. इथं माल कधी पोचतो त्याचा त्याला काय पत्ता!" म्हणजे दोन वर्षं मी ज्या शब्दावर माझी संध्याकाळ बेतत आलो, त्याचा अर्थ 'तिकडून निघायला तयार' एवढाच होता. नेहमी गाडी वेळेवर यायची, म्हणून हे लक्षात आलं नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी मी पाळणाघराकडे पळालो. सगळी मुलं गेली होती. माझी चार वर्षांची लेक रेनकोट घालून, पाठीला बॅग अडकवून, दाराशी चपलांच्या रॅकवर बसली होती. ताई काही बोलल्या नाहीत, पण घड्याळाकडे बघितलं. तिला कडेवर घेऊन, छत्री मानेत धरून मी परत केंद्रावर आलो. गाडी ८.४० ला आली. पिशव्या हातात पडल्या तेव्हा ८.५२ झाले होते आणि पोरगी खांद्यावर झोपली होती.

घरी येऊन पिशव्या सोडल्या तर २३ पैकी १७ वस्तू आलेल्या. लाडू नाहीत. साबुदाणा नाही. आणि वरी तांदळाच्या अर्ध्या किलोच्या दोन पाकिटांऐवजी इडली तांदळाची एक किलोची पिशवी! बिलावर शेजारी छापलेलं: 'पर्यायी वस्तू'. तुमच्या संगणकाने नावात 'तांदूळ' वाचलं आणि तांदूळ दिला. ज्या दिवशी तांदूळ खायचा नसतो त्या दिवसासाठी! आईने पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "अरे, एकादशीला इडली करायची का आता?" मग रात्री साडेदहाला घरात होते तेवढे शेंगदाणे भाजून, कुटून, गूळ घालून तिने लाडू वळले. सातच्या शाळेला निघालेल्या वारकऱ्याच्या डब्यात तेच गेले.

आमचा जुना वाणीसुद्धा वस्तू बदलून द्यायचा, पण आधी विचारायचा: "वरी संपलीय, उद्या सकाळी देऊ की आजच दुसरं काही देऊ?" तुमच्या ॲपमध्ये पैसे भरण्याच्या पानाच्या तळाशी 'पर्यायी वस्तू चालेल' असा चौकोन आहे आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते. ती मी केलेली नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे खरेदीसाठी ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच घ्यावी लागते. आधीच खूण केलेल्या चौकोनातून ती आपोआप नोंदवता येत नाही.

आता यावर कडी ऐका. शनिवारी सकाळी ॲपमध्ये माझ्या खात्यावर ४९ रुपये लावलेले दिसले. कारण दिलं होतं, 'ग्राहकाने ठरलेल्या वेळेनंतर माल उचलला'. तासभर गाडी तुमची उशिरा आणि दंड माझ्या माथी! न आलेल्या सहा वस्तूंचे ४१२ रुपये परत दिलेत, पण बँकेत नाही. ते तुमच्याच ॲपच्या वॉलेटमध्ये टाकलेत आणि महिनाभरात वापरले नाहीत तर बुडणार म्हणे. पैसे मी बँक खात्यातून भरले होते, ते तिथेच परत यायला हवेत.

५ जुलैला ॲपवरून तक्रार केली. ती दुसऱ्या दिवशी 'समस्या सोडवली' असा शेरा मारून बंद झाली. कोणी फोन केला नाही, की काही विचारलं नाही. म्हणून हे पत्र थेट तुमच्या नावे. वर सांगितलेल्या नियमांतच तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असं म्हटलं आहे. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ही सगळी कागदपत्रं देईन.

मला हवं ते फार नाही. ४९ रुपये आणि ४१२ रुपये बँक खात्यात जमा करा. तो चौकोन रिकामा ठेवा. वस्तू नसेल तर फोन करा, नाहीतर सरळ वगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'तयार' हा मेसेज माल केंद्रावर उतरून तिथे स्कॅन झाल्यावरच सोडा. उशीर होणार असेल तर तसं कळवा. 'गाडी साडेआठला येईल' एवढं सातला कळलं असतं तर मी लेकीला वेळेवर घेतलं असतं आणि स्टेशनबाहेरच्या दुकानातून लाडू घेऊन घरी गेलो असतो. काउंटरवरच्या मुलाला मात्र यात ओढू नका. त्या रात्री खरं बोलणारा तुमच्या कंपनीतला तो एकटाच होता.

इडली तांदळाची पिशवी फोडलेली नाही. बिलासकट परत आणून देईन. केंद्रावर ती घ्यायला माणूस नक्की किती वाजता असेल, ते तेवढं कळवा.

आपला,
एक नियमित ग्राहक
डोंबिवली (पूर्व)

सोबत: बिलाची प्रत, ६.५२ च्या मेसेजचा आणि ४९ रुपयांच्या आकाराचा स्क्रीनशॉट, इडली तांदळाच्या पिशवीचा फोटो.