पंप बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे

प्रिय मनू,

हैदराबादला पोचलीस, खोली बरी आहे, खालीच मेस आहे, एवढं फोनवर कळलं. बाकीचं फोनवर होत नाही. तू "हो गं आई" म्हणतेस आणि तेवढ्यात मागून कुणीतरी तुला हाक मारतं. म्हणून लिहायला बसले. दम्याचा निळा पंप बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे आणि रोजचा तपकिरी ब्रश-पेस्टच्या पाऊचमध्ये. बास. पंपाचा विषय इथंच संपला.

निघताना तुझ्या या मोशन कॅप्चरच्या कामावरून, म्हणजे अंगावर ठिपके लावून तू हलायचं आणि पडद्यावर संगणकातलं पात्र हलणार त्यावरून, जे झालं ते बाबांना लागलंय. तुलाही लागलं असणार. "तोंडच दिसणार नसेल तर ती नटाची कामं नव्हेत, हमाली आहे," हे त्यांनी म्हणायला नको होतं. आणि राज्य नाट्य स्पर्धेला पहिल्या दोन रांगा सोडून कोण येतं, हे तू. आपल्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिराबद्दल त्या माणसाला काहीही बोल, पण रिकाम्या खुर्च्यांबद्दल बोलू नकोस. तू गेल्यावर रात्री जेवताना पुन्हा सुरू झाले. म्हणे रजनीकांतनं २०१४ मध्ये असाच ठिपके लावून 'कोचडैयान' केला तेव्हा निदान पडद्यावर रजनीकांत तरी दिसत होता, आपली मनू कोण, कुणाला कळणार? मी म्हटलं, आमटी गार होतेय.

पण खरं सांगू, त्यांची काळजी चेहऱ्याची आहे. माझी नाही. चेहरा गेला खड्ड्यात.

तुला आठवतंय, २०२२ च्या डिसेंबरात तूच हट्टानं आम्हाला 'अवतार'चा दुसरा भाग बघायला नेलंस? तीन तास बारा मिनिटं. बाबा मध्यंतरानंतर झोपले, चष्मा नाकावर तसाच. मीही सिनेमा अर्धाच बघितला. ती त्सिरेया त्या पोरांना पाण्यात श्वास संथ करायला शिकवते ना, तिथून तू त्यांच्याबरोबर श्वास धरायला लागलीस. अंधारात तुझ्या स्वेटरची चेन वरखाली व्हायची थांबली, आणि मी पडदा सोडून त्या चेनकडे बघत बसले. किरी त्या पाण्यातल्या झाडाला वेणी जोडते आणि तिला झटका येतो, तेव्हा मी तुझा दंड धरला होता. तू चिडलीस. तुला वाटलं मी सिनेमाला घाबरले.

आता या आठवड्यात रोज रात्री भांडी झाली की ते सगळं पुन्हा बघतेय, शूटिंग कसं केलं तेसुद्धा. बाबांना सांगू नकोस. ती किरी चौदा वर्षांची पोर, आणि ते काम केलंय सिगर्नी वीव्हरनं. १९४९ चा जन्म तिचा. म्हणजे सत्तरीला टेकलेली बाई टाकीत उतरून पोरीसारखी पोहतेय! मला पहिल्यांदा फार हसू आलं, मग आपल्या आज्जी कृष्णेच्या माई घाटावर पदर खोचून उडी मारायच्या ते आठवलं आणि हसू थांबलं. ऑक्सिजनची नळकांडी का लावत नाहीत तेही कळलं. बुडबुडे येतात, आणि अंगावरचे ठिपके टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना प्रत्येक बुडबुडा ठिपक्यासारखाच चमकताना दिसतो. म्हणून सगळ्यांनी श्वास रोखायचा. पाण्यावर पांढरे गोळे पसरून ठेवतात, वरच्या दिव्यांचा उजेड पाण्यात चमकू नये म्हणून, आणि दम संपला की माणूस त्यातूनच डोकं वर काढतो. त्याच सिनेमातल्या केट विन्स्लेटनं सात मिनिटांच्या वर श्वास रोखला होता. सात मिनिटं! आपल्याकडं तेवढ्यात कुकरच्या चार शिट्ट्या होतात.

मनू, तो आकडा डोक्यात घेऊ नकोस. त्या बाईजवळ शिकवणारे होते, पाण्यात जीव वाचवणारे पाणबुडे होते, खाली जायच्या आधी ऑक्सिजन जास्त असलेली हवा होती. हॉस्टेलजवळ तलाव आहे म्हणालीस. तिथं एकटीनं असलं काही करायचं नाही. उतरायच्या आधी भराभर मोठे श्वास घेतले की बरं वाटतं, दम जास्त पुरतो असं वाटतं, पण त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो त्याच्यामुळं. तो इशारा आलाच नाही तर माणूस पाण्यातच, काही न कळता, बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारे असे गेलेत. काठावर कुणीतरी तुझ्याचकडे बघत उभं पाहिजे, मोबाईलकडे नव्हे. आणि आधी डॉक्टरांचा कागद घे. दमा आहे हे कंपनीला सांगितलंस का? लपवलं असशील तर आजच्या आज सांग. काम गेलं तर गेलं. अशी कामं छप्पन्न

झालं लेक्चर. माफ कर. तू बावीस वर्षांची आहेस आणि हे सगळं तुला माझ्याआधी माहीत असणार. वाक्य अर्धंच सोडलंय, कारण काम गेलं तर गेलं हे मला खरंच म्हणायचं नाहीये. तू पाचशे पोरांतून निवडून गेलीस की पन्नासांतून ते मी विचारलं नाही, पण मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या बायकांना मी पाचशे सांगितलंय.

२०१९ चं पाणी तुला पूर्ण आठवत नाही, असं तू म्हणतेस. मला सगळं आठवतं. आयर्विन पुलापाशी ५७ फूट झालं होतं, धोक्याची पातळी ४५, आणि गावभागात आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीला पाणी लागलंय ते बाबा बॅटरीनं बघून यायचे. लाइट गेलेली, म्हणजे नेब्युलायझर नुसतं खोकं. तू काकूंच्या वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होतीस, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये, दर श्वासाला खड्डा पडत होता. वाटाण्याएवढा. पंप हलवला तर डबी हलकी लागली. किती फवारे उरलेत हे मी तुला कळू दिलं नाही. पलीकडच्या गच्चीवरून देशपांड्यांच्या मुलानं दोरीला पिशवी बांधून त्यांच्या आजोबांचा पंप पाठवला. बाबा तेव्हा त्या पोराला काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना बोलताच आलं नाही. तुझा खड्डा हळूहळू भरत गेला तो मी बोट लावून बघितला.

त्यानंतर तूच म्हणालीस की पोहायला शिकणार. मी नाही म्हणाले. बाबांनी नेलं. ही गोष्ट बाबांशी भांडताना तू विसरतेस.

हमालीचं म्हणशील तर त्यांना मी परवा सुनावलं. ज्या विष्णुदास भाव्यांचं नाव घेऊन तुम्ही नारळ फोडता, १८४३ चं सीतास्वयंवर सांगता, ते भावे लाकडी बाहुल्या करायचे, दोऱ्यांनी हातपाय हलवायचे. दोरी ओढणाऱ्याचं तोंड कुणाला दिसत होतं? आणि नागठाण्याचे बालगंधर्व उभे राहिले की लोकांना बाई दिसायची, नारायणराव नाही. गप्प झाले. मग म्हणाले, गंधर्वांचं नाव निदान तिकिटावर असायचं. आणि मग, ऑस्करचं व्हिज्युअल इफेक्ट्सचं बक्षीस मिळालं ना तुमच्या सिनेमाला, मग त्या निळ्या लोकांतल्या एकाला तरी अभिनयाचं नामांकन होतं का? नव्हतं. ते मलाही खटकतं, मी उत्तर दिलं नाही.

पण सिनेमात मोठा मुलगा नेतेयाम जातो तेव्हा त्याची आई नेतिरी जो हंबरडा फोडते ना, तो पुन्हा ऐकला. तिचा चेहरा संगणकातला, रंग निळा, डोळे मांजरीसारखे. झो साल्दान्या ते करत होती तेव्हा तोंडावर नुसते ठिपके, कपाळापुढं दांडीवर कॅमेरा, अंगात तो घट्ट सूट. तरी तो आवाज पोटातून आलाय, तो कुठल्या यंत्रानं केलेला नाही. ते बघताना मी टीव्ही बंद केला. पुढं बघवलं नाही. मला वाटलं, मनूला हे येईल. मग वाटलं, हे येण्यासाठी तिनं कशाकशातून जायला पाहिजे, नको.

सकाळी उठल्यावर तो हात पसरून उभं राहायचा प्रकार मी आरशापुढं करून बघितला, टी-पोज. खांदा दुखतो. तू दिवसभरात कितीदा करतेस?

भडंग पाठवतेय, जास्त लसणाचं. खोलीत ओल असेल तर गादी उन्हात टाक, आणि ओल असेल तर मला सांग, नुसतं "बरी आहे" म्हणू नकोस. तपकिरी पंप घेतल्यावर चूळ भरायची. हो, म्हटलं होतं पुन्हा लिहिणार नाही.

एक राहिलं. बाबा पुढच्या महिन्यात हळदीच्या कामाला निजामाबादला जाणार म्हणतायत, आणि "जमलं तर वाटेत हैदराबादला उतरेन". हळदीचं तिकडं सध्या काहीही काम नाही, दिवाणजींना मी विचारलं. तू माहीत असल्यासारखं दाखवू नकोस. फक्त पाहुण्याला स्टुडिओत आत सोडतात का ते विचारून ठेव. सोडत नसतील तर आधी कळव, म्हणजे मी त्यांना इथंच तसं सांगेन. दारावरून परत फिरवलं तर ते पुन्हा यायचे नाहीत.

तुझी,
आई