मैत्री क्लिनिकच्या ताईंना, डोकं दुखतंय म्हणून आलेल्या पोराकडून

ताई नमस्कार,

नाव टाकत नाही, तुम्ही ओळखालच. २०१७ ची दिवाळी नुकतीच झालेली, आईबाप ऊसतोडीला गेलेले, मी बारावीला, आणि ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर शेजारच्या गल्लीतला माणूस मागे उभा म्हणून "डोकं दुखतंय" असं ठोकून दिलं होतं.

डोकं कुठलं दुखतंय. आठवड्यातनं दोनतीनदा रात्री चड्डी ओली व्हायची आणि मला पक्कं वाटायचं आपण संपलो, आता लग्न नाही, काही नाही. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ना, कमजोरीवर गॅरंटीने इलाज, त्या नंबरवर जाऊन आलेलो. तो म्हणाला रक्ताचे ४० थेंब आटले की एक थेंब बनतो, आणि १८०० ची पावडर गळ्यात मारली. आज्जीच्या किराणाचे पैसे होते ते. शाळेत कुणाला विचारणार, दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा सरांनी "घरी वाचा" म्हणून उरकलेला. र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं म्हणे, आणि आमच्याकडं शंभर वर्षांनी पण घरीच वाचा!

डॉक्टरांनी बीपी बघितला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तुमच्याकडं पाठवलं. बोर्डावर नुसतं मैत्री. मला वाटलं बायकांचं काहीतरी असेल.

तुमच्या दाराला कडी नव्हती. तुम्ही उठलात, खुर्ची ओढत नेऊन दाराला टेकवली आणि तिच्यावरच बसलात, म्हणजे कुणी ढकललं तरी उघडू नये. आणि पहिला प्रश्न काय, तर "जेवतोस का रे नीट?" तिथंच रडायला आलं मला. मग सगळं बाहेर पडलं, पावडरसकट. हसला नाहीत. रक्ताचा आणि वीर्याचा असला काही हिशोब नसतो, ते वेगळ्या ग्रंथींत तयार होतं, या वयात झोपेत बाहेर येणं नॉर्मल आहे, हे तुम्ही चित्र काढून सांगितलंत, तेही केसपेपरच्या मागच्या बाजूला. पावडर बघून म्हणालात, यात काय आहे मलाही माहीत नाही, म्हणूनच बंद कर. थकवा खरा होता पण त्याचं कारण हिमोग्लोबिन, १० च्या आसपास निघालं. शाळेत दर आठवड्याला वाटायचे त्या निळ्या गोळ्या आम्ही खिडकीतनं फेकायचो, हे कबूल केल्यावर मात्र तुम्ही हसलात.

पुढच्या आठवड्यात मी दोन मित्र घेऊन आलो, आठवतंय? एकाला जांघेत साधं गजकर्ण झालेलं आणि तो एड्स समजून महिनाभर झोपला नव्हता. मैत्री क्लिनिक ज्यात येतं तो १० ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी २०१४ पासून सरकारी प्रोग्रॅम आहे, फुकट आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता मी चाकणला फॅब्रिकेशनमध्ये आहे. गेल्या वर्षी लग्न झालं, दोन वर्षं मूल नको असं दोघांनी ठरवलंय. बायकोला म्हटलं छाया गोळी की तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, आशाताईंना विचारून तूच ठरव, तर ती बघतच राहिली, म्हणे पुरुषाला हे कसं ठाऊक? मी तुमचं सगळं सांगितलं, पावडरचं पण.

थॅंक्यू ताई, तेव्हा म्हणायचं राहिलं. आणि दाराला कडी बसली का हो? नसेल तर दिवाळीत येतोय, मशीन घेऊनच येतो.