अ‍ॅम्पच्या आधी स्पीकर विचारणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘दादा’ लिहितो. पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण गाडीतला अ‍ॅम्प (आवाजाला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) गेला की जो तो आधी ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ हेच विचारतो. मीही तेच विचारलं होतं. तुम्ही एकाही कंपनीचं नाव घेतलं नाहीत. उलट मलाच विचारलंत, “दारातले स्पीकर कुठले आहेत? ट्वीटर वेगळा आहे का? आणि सबच्या मागे किती ओहम लिहिलंय ते बघून सांग.” (ट्वीटर म्हणजे उंच, बारीक सुरांचा छोटा स्पीकर, सब म्हणजे खर्जाचा सबवूफर, आणि ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप.) त्या प्रश्नांनी माझी सगळी निवड बदलली. आभार मानायचे ते त्यासाठी.

गाडी जुनी घेतलेली, सिस्टिम आधीच बसवलेली. दारात साडेसहा इंची मिड (मधल्या सुरांचा स्पीकर), वर खांबाजवळ ट्वीटर, डिकीत एक सब आणि या सगळ्यांना मिळून एक चार चॅनलचा (चार वेगळ्या वाटांनी आवाज देणारा) अ‍ॅम्प. पुढचे दोन चॅनल दारांना आणि मागचे दोन ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून) सबला. एके दिवशी प्रोटेक्टचा (बिघाड दाखवणारा) लाल दिवा लागला तो गेलाच नाही. तुम्ही फोनवर सांगितलंत, “स्पीकरच्या सगळ्या वायरी आणि आरसीए (सिग्नलच्या वायरी) काढ. पॉवर, अर्थ आणि रिमोट (चालू करणारी वायर) एवढंच ठेव. तरी दिवा लाल राहिला तर बिघाड अ‍ॅम्पच्या पोटात आहे.” राहिला लाल.

इथे कुणीही म्हणालं असतं, आता नवा घे. तुम्ही म्हणालात, “तो का गेला ते कळल्याशिवाय नवा आणू नकोस. त्याच वायरींना जोडलास तर नवाही त्याच वाटेने जाईल.” मग सबच्या वायरीवर मल्टिमीटर लावायला लावलात. आकडा आला १.८ ओहम. सबच्या चुंबकावरच्या लेबलवर ‘ड्युअल ४ ओहम’ छापलेलं होतं, म्हणजे आत चार-चार ओहमच्या दोन कॉइल. दोन्ही कॉइल समांतर जोडलेल्या, म्हणजे भार २ ओहमचा. (मीटर कॉइलचा नुसता डीसी रोध दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो, हेही तेव्हाच कळलं.) आणि अ‍ॅम्प ब्रिज केला की प्रत्येक चॅनलला त्या भाराचा अर्धाच दिसतो. म्हणजे ज्या अ‍ॅम्पच्या पाठीवर ‘ब्रिज करताना किमान ४ ओहम’ असं स्पष्ट लिहिलंय, त्याचे दोन चॅनल इतके दिवस एकेका ओहमवर राबत होते. ड्युअल ४ ओहमच्या सबच्या दोन्ही कॉइल जोडल्या की तो एकतर २ ओहम होतो (समांतर), नाहीतर ८ (एकामागे एक). चार कधीच होत नाही. हा सब आणि हा अ‍ॅम्प यांची जोडी पूर्ण ताकदीने जमणारी नव्हती. हे एवढं कुणी समजावून सांगितलं नसतं तर नवाही चार चॅनलचाच आला असता.

वॉटांच्या बाबतीत तुम्ही जे सांगितलंत ते मी आता भेटेल त्याला सांगतो. हेड युनिटवर (गाडीतल्या म्युझिक प्लेअरवर) ‘५० वॉट × ४’ असं छापलेलं असतं ते कुठून येतं? आतल्या चिपला गाडीचे १४.४ व्होल्ट मिळतात. ४ ओहमच्या स्पीकरवर तेवढ्यात न फाटलेली साइन वेव्ह (शुद्ध गोल लहर) फार तर २६ वॉटची निघते, प्रत्यक्षात २० च्या आसपास. मात्र लहर पूर्ण चौकोनी होईपर्यंत फाडली की १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२. तोच तो पन्नासचा आकडा. म्हणून तुम्ही म्हणालात, खोक्यावरचा मोठा आकडा वाचूच नकोस, आरएमएस (सलग देता येणारी खरी ताकद) बघ. आणि सीटीए-२००६ या मानकाप्रमाणे मोजलेला असेल तर उत्तम, कारण त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत विकृती या अटी ठरलेल्या असतात, त्यामुळे दोन अ‍ॅम्पची तुलना तरी रास्त होते. वर हेही सांगितलंत, की वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डीबीने (डेसिबलने). ६० आणि ७५ वॉटच्या फरकासाठी जीव टाकू नकोस.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे कुठले सूर कुठल्या स्पीकरला जावेत याची वाटणी. खरा गुंता इथेच होता, आणि तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात तोही इथेच.

उजव्या दारातल्या पॅसिव्ह (स्पीकरच्या वायरीतच बसणाऱ्या) क्रॉसओव्हरच्या डबीत पाणी शिरून कॉइलला गंज चढला होता. तसलीच तयार डबी मिळते, तीवर ३५०० हर्ट्झ लिहिलेलं असतं, ती बसवली की झालं, असं मला वाटणं साहजिक होतं. तुम्ही ट्वीटरच्या मागचा आकडा वाचायला लावलात. तो होता ६ ओहम. मग तुम्ही गणित घातलंत: एकाच कपॅसिटरचा साधा फिल्टर धर, ४ ओहमला ३५०० हर्ट्झच्या खालचे सूर कापायला साधारण ११.४ मायक्रोफॅरड लागतात. तोच कपॅसिटर ६ ओहमच्या ट्वीटरला लावला तर काप २३०० च्या आसपास उतरतो. म्हणजे जे सूर झेपण्याची ट्वीटरची ताकदच नाही ते त्याच्या गळ्यात पडतात. डबीवरचा आकडा हा डबीचा नसतोच, डबी आणि तिला जोडलेला स्पीकर या दोघांचा मिळून असतो. हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय.

तेव्हा ठरलं, की पॅसिव्ह डब्या काढायच्या आणि अ‍ॅक्टिव्ह करायचं. प्रत्येक ट्वीटरला आणि प्रत्येक मिडला आपापला चॅनल, आणि सिग्नलची वाटणी अ‍ॅम्पच्या आधीच. इथेही तुम्ही एक खड्डा दाखवलात. बऱ्याच चार चॅनल अ‍ॅम्पच्या आत क्रॉसओव्हर असतो खरा, पण त्याचं बटण काहीशे हर्ट्झच्या वर जातच नाही. तो सब आणि दारांची वाटणी करण्यापुरता असतो. ट्वीटरला ३००० च्या वर कापायचं तर तो कामाचा नाही. शिवाय मिडला दोन्ही बाजूंनी काप लागतो, खालून ८० आणि वरून ३२००. म्हणून चार चॅनलचा क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) अ‍ॅम्प, सबसाठी २ ओहमला स्थिर असणारा वेगळा मोनो (एकाच चॅनलचा), आणि दोघांच्या आधी एक छोटा डीएसपी (सुरांची वाटणी आकड्यांनी ठरवणारी डबी), असा बेत तुम्ही आखून दिलात. माझ्या हेड युनिटला आरसीए आउटपुट नाही, म्हणून हाय-लेव्हल इनपुट असलेलाच (स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेणारा) डीएसपी बघ, हेही न विसरता सांगितलंत.

कापाचा उतार (कापाच्या पलीकडे आवाज किती झपाट्याने कमी होतो ते) निवडताना तुम्ही २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली घ्यायला सांगितलात आणि का तेही सांगितलंत. हे दोघे ह्युलेट-पॅकार्डमधले इंजिनिअर, त्यांचं काम १९७६ चं. त्यांच्या फिल्टरमध्ये कापाच्या जागी दोन्ही बाजू ६ डीबीने खाली असतात आणि एकाच फेजमध्ये (लहरी एकाच तालात) असतात, त्यामुळे दोघांची बेरीज सपाट येते, मध्ये फुगवटा राहत नाही. ३२०० वर मिडचा आवाज संपून ट्वीटरचा सुरू होतो हे मला आता कानाला कळत नाही. तंबोऱ्याची जवार ऐकताना तर अजिबात नाही.

आणि तो कपॅसिटर! अ‍ॅक्टिव्ह केलं तरी ट्वीटरच्या वायरीत ४७ मायक्रोफॅरडचा एक नॉन-पोलर (कसाही उलटसुलट जोडता येणारा) कपॅसिटर राहू दे, असा तुमचा आग्रह होता. ६ ओहमला त्याचा काप ५६० च्या जवळपास पडतो, म्हणजे ३२०० च्या खूप खाली, आवाजात ढवळाढवळ नाही. पण डीएसपीच्या सेटिंगमध्ये चुकून फिल्टर बंद झाला किंवा चालू होताना ठोका आला, तर ट्वीटर वाचतो. एवढ्याशा वस्तूसाठी तुम्ही दोनदा फोन केलात.

वायरिंगबद्दल थोडक्यात लिहितो. जुन्या पॉवर वायरीचं टोक कापून बघ म्हणालात. आतून चंदेरी निघालं, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तुमच्या हिशोबाने ५४० वॉट आरएमएसला (६० चे चार चॅनल आणि सबचे ३००) क्लास डी धरूनही पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास ओढ पडते, म्हणून अस्सल तांब्याची ४ गेज वायर आणि ६० चा फ्यूज, तोही बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरीला आग लागू नये म्हणून असतो. अर्थच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा केला.

गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) लावण्याचं काम मात्र तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत, त्याची गोडी वेगळीच. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. मिडसाठी ६० गुणिले ४, म्हणजे साडेपंधरा. सबसाठी ३०० गुणिले २, म्हणजे साडेचोवीस. स्पीकर काढून ठेवायचे, ईक्यू (बास-ट्रेबलची सेटिंग) सपाट, हेड युनिट आवाज न फाटता जिथवर जातं तिथे आणायचं, आणि टोन लावून मीटर एसी व्होल्टवर. मी १ किलोहर्ट्झचा टोन लावणार होतो, तर तुम्ही थांबवलंत: साधा मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे नीट वाचेल याची खात्री नाही, २०० चा लाव. सबला ५० चा. स्क्रू-ड्रायव्हर केसभर फिरवला की आकडा १३ वरून १५ वर उडी मारायचा. ट्वीटरचा गेन मात्र मीटरवर नाही, सगळ्यात खालून सुरू करून कानाने.

शेवटी सबची पोलॅरिटी (अधिक-उणे टोकांची दिशा). मी चालकाच्या सीटवर, फोन स्पीकरवर ठेवून, आणि तुम्ही पलीकडून म्हणताय, “आता उलटी कर. कुठे बास जास्त भरीव वाटतो?” डीएसपीत एक खूण बदलली आणि ढोलकीची थाप डिकीतून उठून समोरच्या काचेपाशी आली. मी काही बोलायच्या आत तुम्ही हसलात, कारण तुम्हाला ती फोनवरूनही ऐकू आली होती.

दादा, या सगळ्यात तुमचा ना एका पैशाचा फायदा होता ना काही विकायचं होतं. रात्री कामावरून आल्यावर तुम्ही फोन उचललात, माझ्या पाठवलेल्या फोटोंवर बाण काढून परत पाठवलेत, आणि ‘एवढंही कळत नाही का’ असा सूर एकदाही लावला नाहीत. ज्ञान असलेली माणसं भेटतात. समोरच्याला स्वतः मोजायला लावणारी फार थोडी. मनापासून आभार.

सोबत डीएसपीच्या सेटिंगचा फोटो पाठवतोय. उजव्या ट्वीटरला दीड मिलिसेकंदाचा डिले (मुद्दाम उशीर) दिलाय, कारण डावा माझ्या कानापासून टेपने मोजून ५१ सेंटिमीटर जास्त लांब आहे आणि आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. तरीही गायिका मला किंचित उजवीकडेच ऐकू येते. उजव्याची पातळी अर्धा-एक डीबी उतरवू का, की मिडचा डिले आधी तपासू? सवडीने सांगा.

तुमचा,
रोज गाडीत बसल्यावर तुमची आठवण काढणारा