मालवणची प्रवाळे आणि कोल्हापूरचे पर्यटक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत मालवण-तारकर्लीच्या स्नॉर्कलिंगला (तोंडात श्वासनळी धरून पाण्याखालचे पाहत पोहण्याला) हमखास जागा मिळते आणि शनिवारी पहाटे गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरणाऱ्या गाड्यांत ‘एमएच ०९’च्या पाट्या मोठ्या संख्येने दिसतात. या सहलींना माझा विरोध नाही. परंतु सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आपण पैसे मोजून जे पाहायला जातो, ती प्रवाळे पाहण्याच्या पद्धतीमुळेच दुखावली जात आहेत, याची दखल त्या पुरवण्यांत क्वचितच घेतली जाते; म्हणून हे पत्र.

किल्ला आणि त्याभोवतीचा समुद्र मिळून २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. येथील प्रवाळे लक्षद्वीप किंवा अंदमानइतकी रंगीबेरंगी नाहीत. पावसाळ्यात नद्यांबरोबर येणारा गाळ सहन करत ती तग धरून आहेत, आणि डोंगरउतारांवरील वृक्षतोड व किनाऱ्यालगतची बांधकामे यांमुळे हा गाळ वाढला, तर त्यांना मिळणारा सूर्यप्रकाश आणखी कमी होतो. प्रवाळ हा दगड नसून असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या शरीरात राहणारी एकपेशीय शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशानेही काही आठवडे जास्त तापले, तर ही भागीदारी तुटते, शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरते. नाही तर उपासमारीने मरते. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळातील जागतिक विरंजनानंतर चौथी लाट आल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि त्याच वर्षी लक्षद्वीपमध्येही मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात, वीस मीटरहून अधिक खोल पाण्याखाली असलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळांच्या पठारापर्यंत सामान्य पर्यटक पोहोचत नाही, पण तापलेले पाणी पोहोचू शकते.

या तापमानवाढीला कारण कोळसा आणि खनिज तेल. त्यावरचा उपाय मालवणच्या होडीवाल्याच्या हाती नाही आणि कोल्हापूरच्या पर्यटकाच्या हाती तर अगदीच थोडा आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, उष्णतेने आधीच दुबळ्या झालेल्या प्रवाळांवर वरून घाव घालण्याचे थांबवणे निकडीचे आहे. पोराइट्ससारखी गोलाकार प्रवाळे वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. भोपळ्याएवढी वसाहत तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि होडीचा नांगर ती क्षणात फोडू शकतो. याखेरीज पोहता न येणारा पर्यटक दम लागला की प्रवाळावरच उभा राहतो. मासे जवळ येऊन छायाचित्र चांगले यावे म्हणून ब्रेडचे तुकडे टाकले जातात, त्यामुळे प्रवाळांवरील शेवाळ खाऊन जागा स्वच्छ ठेवणाऱ्या माशांच्या सवयी बिघडतात. ‘सनस्क्रीन’ची चर्चा अलीकडे फार होते. हवाई राज्याने त्यातील दोन रसायनांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली, हे खरे. पण माझ्या मते आपल्याकडे नांगर आणि पाय हेच अधिक मोठे गुन्हेगार आहेत.

याचे सारे खापर स्थानिकांवर फोडणेही न्यायाचे नाही. अभयारण्याने मासेमारीवर गदा येईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला, आणि आज त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी पर्यटनाचा पैसा येतो. त्यांना वगळून केलेला कोणताही नियम कागदावरच राहील. ठरावीक ठिकाणी कायमचे बोये (तळाशी जखडलेले तरंगते पिंप) बसवून होड्या त्यांनाच बांधणे सक्तीचे करावे, एका वेळी पाण्यात उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवावी, आणि उतरण्यापूर्वी पाच मिनिटांची सूचना द्यावी. बोयांचा खर्च प्रवेश शुल्कातून सहज निघेल. नांगर टाकणाऱ्या होडीत बसणार नाही, असे गिऱ्हाईकच म्हणू लागले तर बदल सरकारी आदेशापेक्षा लवकर होईल, आणि हे गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणात आपल्याच जिल्ह्यातून जाते.

आपल्या शहराचाही एक वेगळा हिशेब आहे. घरातील मत्स्यपेटीत शोभेसाठी ठेवलेले पांढरे प्रवाळाचे तुकडे अनेकांनी पाहिले असतील. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी ती वाघाच्या रांगेत बसतात. वाघनखाचा व्यापार उघडकीस आला की बातमी होते, प्रवाळाची होत नाही. वन विभागाने अशा विक्रीची तपासणी करावी.

पावसाळ्यानंतर जलक्रीडा पुन्हा सुरू होतील. आपल्या पर्यटन पुरवणीत मालवणचा लेख छापताना त्याशेजारी वरील सूचनांची एक चौकट द्यावी आणि होडीचे दर सांगताना ती नांगर टाकते की बोयाला बांधली जाते, हेही विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर