अवकाश खर्च आणि सोलापूरचे पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना चंद्रावर यान कशाला पाठवायचे, हा प्रश्न येथे वारंवार ऐकू येतो. तो रास्त असला तरी त्यामागचा हिशेब चुकीचा वाटतो. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता, तर २०२४-२५ मध्ये अवकाश विभागाची तरतूद सुमारे १३ हजार कोटी, म्हणजे ४८ लाख कोटींच्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. उजनी धरण भरूनही शहराला रोज पाणी मिळत नाही, याला रॉकेट नव्हे, तर जलवाहिन्या आणि वितरणाचे नियोजन कारणीभूत आहे.

उलट, अवर्षणप्रवण जिल्ह्याला इन्सॅट-३डीएससारख्या हवामान उपग्रहांचा थेट उपयोग आहे. पंढरपूर-सांगोल्याच्या द्राक्ष व डाळिंब बागायतदाराला अवकाळी पावसाची सूचना वेळेत मिळाली, तर फवारणी वा काढणीचा निर्णय तरी घेता येतो. अर्थात ती सूचना गावनिहाय नेमकी हवी, आणि तिथे आपण अजून कमी पडतो.

मानवी मोहिमेबाबत मात्र मी साशंक आहे. गगनयान कार्यक्रमासाठी एकूण २०,१९३ कोटी रुपये मंजूर झाले आहेत. अंतराळवीर पाठवण्याचा अभिमान मलाही वाटेल, पण त्याआधी हवामान आणि भूनिरीक्षण उपग्रहांची माहिती तालुक्यापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेला वाढीव निधी मिळावा, अशी लोकप्रतिनिधींनी संसदेत मागणी करावी.

आपला,
एक वाचक, सोलापूर